आधी प्लग, मग गाडी : इंदूरमध्ये पहिली इलेक्ट्रिक कार किंवा लोडिंग घेताना

गेल्या तीन वर्षांत आमच्या घरी एक इलेक्ट्रिक कार आली आणि आतेभावाच्या धंद्यात एक इलेक्ट्रिक लोडिंग, म्हणजे माल वाहणारी छोटी गाडी. तेव्हापासून मुंजीत, लग्नात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना कोणी ना कोणी गाठून विचारतंच, "एका चार्जमध्ये किती जाते हो?" मी आधी त्यांनाच विचारते, "रात्री गाडी कुठे लावता?" या गाडीचा सगळा हिशोब त्या जागेपासून सुरू होतो. रोज सकाळी भरलेली गाडी हाताशी असेल, तर एका चार्जमध्ये किती जाते हा प्रश्न वर्षातून चार-पाच दिवसच पडतो. जागा नसेल, तर कितीही मोठी बॅटरी घेतली तरी रोज चार्जर शोधत फिरावं लागतं.

म्हणून शोरूममध्ये जायच्या आधी काय करायचं तिथपासून सांगते. मी सुदामा नगरमधून पीथमपूरला नोकरीला जाते, येऊन-जाऊन साठ किलोमीटर. खालचे आकडे बहुतेक त्याच रस्त्यावरचे आहेत.

पहिलं काम : रात्रीची जागा बघा

स्वतःचं घर आणि पोर्च असेल तर अर्धी लढाई जिंकलात. मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहत असाल तर तुमच्या नावाची ठरलेली पार्किंग आहे का, आणि तिथून तुमचा मीटर किती लांब आहे, हे पायांनी मोजून या. घरच्या वीज कनेक्शनवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे, केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट लिहिलं आहे. सोसायटीत हे कागद घेऊनच जा. वाद बहुतेक वेळा विजेच्या पैशांचा असतो. लाइन तुमच्याच मीटरवरून ओढली, किंवा कॉमन मीटरवर सब-मीटर लावून दर महिन्याचं रीडिंग वहीत लिहिलं, की कोणाची तक्रार राहत नाही.

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत, जिथे गाडी घरापासून दोनशे पावलांवर रस्त्यातच उभी राहते, तिथल्या लोकांना मी आज इलेक्ट्रिक कार घ्या म्हणत नाही. खिडकीतून वायर सोडून, ती रस्त्यावरून नेऊन चार्जिंग करणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात तर अजिबात नको. त्यांच्यासाठी सीएनजी हा चांगला पर्याय आहे. आपल्या देवगुराडियाच्या प्लांटमध्ये २०२२ पासून शहराच्या ओल्या कचऱ्यातून रोज गॅस तयार होतो आणि शहराच्या बसगाड्या त्यावर चालतात, तेव्हा सीएनजी घेतली म्हणून मागे राहिलो असं मानायचं कारण नाही.

दुसरं काम : प्लग आणि अर्थिंग

इथे लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि पुढे सर्वांत जास्त मनस्ताप भोगतात. मी स्वतः तेच केलं. पोर्चमध्ये गीझरसाठी काढलेला पंधरा अँपिअरचा जुना पॉइंट होता, त्यालाच चार्जर लावला. दुसऱ्या आठवड्यात पहाटे पोर्चमध्ये बॅकेलाइट जळाल्याचा वास आला. प्लग काढला तर एक पिन तपकिरी पडलेली, आणि सॉकेटचं भोक ओघळल्यासारखं झालेलं. गीझर अर्धा तास चालून बंद होतो. गाडी रात्रभर, आठ-दहा तास, सलग तीन किलोवॉट ओढते. आत सैल झालेली एक पट्टी तेवढ्यात तापून लाल होऊ शकते.

इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एकोणीस व्होल्ट. हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. त्यापेक्षा जास्त असला की बऱ्याच गाड्या चार्जिंग घेतच नाहीत, आणि मालकाला वाटतं की गाडीच बिघडली. आपल्या माळव्यात यामागे काळी माती असते. मे महिन्यात ती सुकते, आकसते, तिला भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या प्लेटभोवतीची पकड सुटते. फेब्रुवारीत नीट चालणारं अर्थिंग मेमध्ये निकामी होतं ते असं. आम्ही खड्डा नवा केला, कोळसा आणि मीठ भरलं, वरून पाणी घालायला पाइप ठेवला. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तिथे बादलीभर पाणी ओतते. त्यानंतर एकदाही तक्रार आली नाही.

तुम्ही इलेक्ट्रिशियनला एवढं नेमकं सांगा : मीटरपासून थेट वेगळी लाइन, मध्ये कुठेही जोड नको. पंधरा अँपिअरच्या चार्जरसाठी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ७.२ किलोवॉटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, लावणार असाल तर ६, आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड. वेगळी एमसीबी, आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. साध्या सॉकेटऐवजी निळं, झाकणाचं इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरू नका, एका रात्रीपुरतासुद्धा नाही.

बिलावर मंजूर लोड किती आहे तेही बघा. उन्हाळ्यात दोन एसी आणि गाडी एकाच वेळी चालणार असतील तर दोन-तीन किलोवॉटचा लोड पुरत नाही. तो वाढवायचा अर्ज गाडी बुक करायच्या आधी टाका, नंतर टाकाल तर गाडी दारात आणि लोड कागदावर अशी गत होते. दिवसाच्या वीजवापराला तुमच्या मीटरवर सवलत मिळते का, हेही त्याच बिलावर दिसेल.

वॉल बॉक्स हवाच का? साठ-सत्तर किलोमीटर रोजचं असेल तर नको. साध्या चार्जरने रात्रीच्या दहा तासांत तीसेक युनिट आत जातात, आणि एका युनिटवर कार साधारण सात किलोमीटर चालते. म्हणजे दोनशे किलोमीटर झाले. रोज एवढं कोण चालवतं?

तिसरं काम : पंधरा दिवस वही ठेवा

आज गाडीवर रोज किती किलोमीटर होतात ते पंधरा दिवस लिहा. अंदाजाने सांगू नका, माणूस नेहमी जास्तच सांगतो. मग हा हिशोब लावा.

माझे वर्षाला अठरा हजार किलोमीटर होतात. लिटरला पंधरा देणारी पेट्रोल कार असती तर १,२०० लिटर लागलं असतं, १०६ रुपये भावाने सव्वा लाखाच्या वर. इलेक्ट्रिकला सातने भागून, चार्जिंगमधली दहा-बारा टक्के गळती धरून, सुमारे २,८५० युनिट लागतात. घरचं युनिट सगळे आकार धरून ८ रुपये धरलं तर तेवीस हजारांच्या आत. वर्षाला लाखभर रुपये वाचतात. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजले असतील तर ते तीन वर्षांत वसूल.

आता हेच वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या निवृत्त काकांना लावा. बचत पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे तीन लाख वसूल व्हायला साडेआठ वर्षं. त्यांना मी सरळ सांगते, काका, तुमची आहे ती गाडी चांगली चालते आहे, तीच ठेवा. गाडी शांत चालते, गिअर नाहीत, गुडघ्याला आराम पडतो म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा २०१९ पासून ५ टक्केच आहे. त्यामुळे किमतीतला फरक आज काय आहे तो शोरूममधून नव्याने लिहून आणा, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट घरच्यापेक्षा दुप्पट-अडीचपट महाग पडतं. सगळं चार्जिंग बाहेरच करणार असाल तर वरचा हिशोब बराचसा विरघळतो. म्हणूनच रात्रीच्या जागेवर एवढा जोर देते आहे.

चौथं काम : पल्ला समजून घ्या

जाहिरातीतला आकडा चाचणीच्या चक्रातला असतो. आपल्यासाठी सोपा नियम असा : बॅटरी किती युनिटची (कागदावर kWh) आहे ते विचारा, शहरासाठी सातने गुणा, हायवेला ताशी शंभरने जाणार असाल तर सहाने. त्यातलं ऐंशी टक्केच आपलं समजा. पंचेचाळीस युनिटची बॅटरी असेल तर शहरात अडीचशे, हायवेला दोनशे पंधरा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हायवेला ऐंशी आणि शंभर यांत पल्ल्याचा जेवढा फरक पडतो तेवढा एसी लावल्यानेही पडत नाही.

आता घाट. महेश्वरला जाताना मानपूरचा घाट उतरून आपण निमाडात येतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महेश्वरचा नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास. म्हणजे येताना चारशे मीटर वर चढायचं. चार माणसं बसलेली, अठराशे किलोची कार चारशे मीटर वर उचलायला दोन युनिट लागतात. शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, कागदावर करून बघा. जाताना उतारावर मोटरच जनित्रासारखी चालून त्यातला बराचसा भाग परत देते. म्हणून जाताना स्क्रीनवर युनिटला साडेआठ किलोमीटर दिसतात, आणि येताना सहा. पहिल्यांदा घाट चढताना तो आकडा घसरताना बघून माझ्या पोटात गोळा आला होता. महेश्वरला पोचल्यावर ६८ टक्के होते, घाट चढून सुदामा नगरला पोचले तेव्हा ३४. जाताना ३२, येताना ३४ टक्के. चढाचा फटका होता, पण मी घाबरून साठ-पासष्टनेच आल्यामुळे तो टक्क्यांत फारसा दिसला नाही. ओंकारेश्वर, उज्जैन, देवास, महेश्वर : घरून पूर्ण भरून निघालात तर वाटेत चार्जरची गरज नाही.

पुण्याचं वेगळं आहे. आपल्यातल्या अर्ध्या घरांचं माहेर, सासर किंवा मुलांची नोकरी तिकडे. सहाशे किलोमीटरचा रस्ता, वाटेत सेंधव्यापुढे बिजासन घाट. पंचेचाळीस युनिटच्या गाडीला दोन, आणि धास्ती नको असेल तर तीन थांबे लागतात. प्रत्येक थांबा पाऊण ते एक तासाचा, कारण फास्ट चार्जर दहावरून ऐंशी टक्के लवकर करतो आणि पुढचे वीस टक्के रेंगाळत भरतो. ऐंशीला गन, म्हणजे चार्जरचा गाडीत लावायचा प्लग, काढून निघायचं.

पहिल्या पुणे फेरीत रात्री साडेदहाला एका हायवे चार्जरवर पोचलो. ॲपवर हिरवा दिसत होता, प्रत्यक्षात स्क्रीन चालू, गन हातात, आणि चार्जिंग काही सुरू होईना. हेल्पलाइनवर माणूस नम्रपणे "रीस्टार्ट करतो" म्हणत राहिला. बॅटरी अकरा टक्के, मागच्या सीटवर आई झोपलेली. पुढचा चार्जर एकोणीस किलोमीटरवर होता, ताशी पन्नासने, एसी बंद करून गेलो. तेव्हापासून तीन नियम आहेत. चार्जरवर वीस टक्क्यांच्या खाली पोचायचं नाही. प्रत्येक थांब्याच्या पुढे तीस किलोमीटरच्या आत दुसरा चार्जर हवा. आणि त्याच दिवशी तिथे कोणी चार्जिंग करून गेलं आहे का, हे ॲपवरच्या नोंदींत बघूनच तो थांबा धरायचा. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरूनच चालू करून, वॉलेटमध्ये पैसे टाकून निघा. घाटाखाली नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघणं फार वाईट.

लोडिंग घेणार असाल तर

मला मनापासून वाटतं की शहरात इलेक्ट्रिक आधी लोडिंगमध्ये यायला हवी, कार नंतर. कारण सरळ आहे : रोज तोच रस्ता, तेवढेच किलोमीटर, रात्री त्याच शेडमध्ये मुक्काम. लोडिंगला पुण्याला जायचं नसतं.

आतेभाऊ सांवेर रोडवरच्या कारखान्यातून शेव-नमकीन उचलतो आणि मालवा मिल, सियागंज, अन्नपूर्णा, राऊ असं दुकानदुकानी पोचवतो. रोज पंचाहत्तर किलोमीटर, चाळीस-पंचेचाळीस थांबे. नमकीनच्या खोक्यांनी गाडी भरते, पण वजन कमी. इलेक्ट्रिक लोडिंगला याहून चांगला माल नाही. त्याची गाडी एकवीस युनिट बॅटरीची आहे, युनिटला पाच किलोमीटर धरले तर शंभर होतात, म्हणजे रोजचं काम करून पाव बॅटरी शिल्लक. जुनी डिझेल गाडी लिटरला सोळा द्यायची, ९२ रुपये भावाने किलोमीटरला पावणेसहा रुपये. आता गळतीसकट दोन रुपये. महिन्याला सव्वीस दिवस धरून सात हजारांच्या वर वाचतात, आणि ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट हा खर्च नाहीच. गल्लीत शंभरदा थांबा-निघा केल्याने डिझेलचा जीव जायचा, इलेक्ट्रिकला तेच मानवतं, कारण प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते.

हेच गणित टाइल्स, सिमेंट, लोखंडाला लावू नका. आपल्याकडे साडेसातशे किलोच्या गाडीत दीड टन भरायची सवय आहे. डिझेल गाडी धूर ओकत ते ओढते, इलेक्ट्रिक लोडिंगचा पल्ला मात्र डोळ्यांदेखत कोसळतो, आणि गरम झालेली मोटर ताकद कमी करते. गाडी निवडताना पासिंगचं (कागदावर मंजूर) वजन आणि तुमच्या मालाचं खरं वजन काट्यावर करून बघा. आज बाजारात पर्याय आहेत : टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये सहाशे किलोच्या क्षमतेने आली, पुढे हजार किलोची निघाली, २०२५ मध्ये १४.४ युनिटची छोटी एस प्रो आली, महिंद्राची झिओ २०२४ ची. शोरूमची फेरी रिकामी घेऊ नका. तुमचा माल भरून, तुमच्या रस्त्यावर, तुमचाच ड्रायव्हर बसवून एक पूर्ण दिवस मागा. जो डीलर देत नाही, त्याला सोडा.

ड्रायव्हरला विश्वासात घेणं हेही कामच आहे. आतेभावाच्या ड्रायव्हरने पहिले दोन आठवडे तीस टक्के दिसले की गाडी परत आणली. मग आतेभावानेच एकदा शेजारी बसून, बॅटरी बारा टक्क्यांवर येईपर्यंत शहरात फिरवून दाखवलं. त्यानंतर भीती गेली.

मोठ्या पिकअपचं मात्र अजून जमत नाही. खरगोन-बडवानीकडून रात्री भाजी भरून चोइथराम मंडीला येणारी पिकअप बघा. माल धरून साडेतीन टन वजन चारशे मीटर चढवायला जवळपास चार युनिट लागतात, आणि ते फक्त चढाचे, रस्त्याचे वेगळे. एकवीस युनिटची बॅटरी धरली तर तिचा पाचवा हिस्सा घाटातच संपेल. त्यात मंडीत पहाटे तीनला पोचलं नाही तर भाव जातो, चार्जरवर तास घालवायला वेळ कुठला? या शेतकऱ्यांनी आज डिझेलच ठेवावी.

कागदपत्रं, थोडक्यात

हिरवी नंबर प्लेट, खासगीला पांढरी अक्षरं, धंद्याच्या गाडीला पिवळी. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, २०१८ पासून. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट. खासगी कारला केंद्राची थेट सबसिडी सध्या नाही. राज्याच्या सवलती गाडीच्या प्रकारावर आणि मुदतीवर ठरतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी ऑन-रोड किंमत लेखी घ्या. विम्यात बॅटरी आणि चार्जर दोन्ही धरलेत का, आणि पाणी शिरल्यास भरपाई आहे का, ते वाचून मगच सही करा. लोडिंगच्या कर्जाचा व्याजदर डिझेलपेक्षा जास्त आणि मुदत कमी असू शकते, तीन ठिकाणी विचारा.

बॅटरी सांभाळणं

बहुतेक इलेक्ट्रिक कारना बॅटरीची वॉरंटी किमान आठ वर्षं आहे. ती पहिल्या मालकापुरती आहे का, दुसऱ्या मालकाला किती मिळते, किती टक्के क्षमता घटली तर बदलून देतात, हे विचारा. जुनी विकताना किंमत यावरच ठरेल. लिथियम बॅटरीचे एलएफपी आणि एनएमसी असे दोन प्रकार असतात, आपली कोणती ते विचारा. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर करा, म्हणजे टक्केवारी खरी दाखवते. एनएमसी असेल तर रोज ऐंशीवर थांबवा. मेमध्ये बेचाळीस अंशांत हायवेवरून आल्या आल्या चार्जर लावू नका, तासभर सावलीत ठेवा. पावसाचं पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत असेल तर थांबा. बॅटरीला सीलबंद खोकं आहे, पण आपली गाडी होडी नव्हे.

थांबावं की घ्यावी

"अजून स्वस्त होतील ना?" होतील. बॅटरीचा सरासरी भाव २०१० मध्ये युनिटला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ वर आला. सोडियमच्या बॅटऱ्याही येत आहेत, त्यांना लिथियम लागत नाही. पण वर्षाला लाख रुपये वाचणार असतील, तर दोन वर्षं थांबून वाचवाल त्यापेक्षा जास्त पेट्रोलमध्ये घालवाल. रोजचं कमी असेल तर खुशाल थांबा.

"पण वीज तर कोळशाचीच?" बरीचशी, हो. म्हणूनच छत स्वतःचं असेल तर मी सोलरचं आवर्जून सांगते. तीन किलोवॉटच्या पॅनलला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये मिळतात. रोज सरासरी बारा युनिट धरली तर ऐंशी किलोमीटरचं इंधन गच्चीवर पिकतं, आणि नेट मीटरमुळे दिवसाची वीज रात्रीच्या चार्जिंगला वळती होते. आमच्या गच्चीवर गेल्या दिवाळीत बसवलं, त्यानंतरच्या फेब्रुवारीत बिल तीन आकड्यांवर आलं.

आतेभाऊ दुसरी लोडिंग घेतो आहे. गेल्या रविवारी शेडमध्ये गेले तर इलेक्ट्रिशियन नव्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा भरत होता. गाडीचं बुकिंग पुढच्या महिन्यात.